चाकात हवा भरणारा गुरांचा डॉक्टर

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक गृहस्थ आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी कचेरीतली. तक्रार अशी, की दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि शेजारच्या अनामिका बधिर होतात, मुंग्या येतात. रक्तातली साखर व्यवस्थित, मानेचा त्रास नाही, थायरॉइडचा अहवालही ठीक. त्रास कधी वाढतो असं विचारल्यावर उत्तर मिळालं, की सायकलवरून उतरल्यावर. सायकल कुठे आहे म्हटलं, तर त्यांनी बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. बाकाखाली एक फोल्डिंग सायकल घडी घालून ठेवलेली होती.

घरापासून स्टेशन दोन किलोमीटर, आणि उतरल्यावर कचेरी आणखी दोन किलोमीटर. शेअर रिक्षाच्या रांगेला कंटाळून त्यांनी ही सायकल घेतली होती. गाडीत चढताना घडी, उतरल्यावर पुन्हा सायकल. बेत उत्तम होता. मी वाकून चाकाला अंगठा लावला, तर टायर चिकूसारखा आत दबला. हवा कधी भरली होती, या प्रश्नावर ते जरा ओशाळले. घेतल्यापासून, म्हणजे चार महिन्यांत, एकदाही नाही.

हात बधिर होण्याचं कारण त्या टायरमध्ये होतं. खरं तर फोल्डिंग सायकल वापरण्याजोगी आहे की नाही, या प्रश्नाचं निम्मं उत्तरही तिथेच आहे. लहान चाकाची सायकल चालते ती चाकातल्या हवेवर. आणि चाकात हवा भरण्याची ही युक्ती जगाच्या गळी उतरवली ती एका गुरांच्या डॉक्टरने. त्यांचं नाव तुम्ही शेकडो वेळा वाचलेलं आहे, टायरवर आणि गादीवरही. जॉन बॉइड डनलॉप.

नाजूक प्रकृतीचा शेतकऱ्याचा मुलगा

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडच्या एअरशायर भागातल्या ड्रेगहॉर्न या गावी. घर शेतकऱ्याचं. हा मुलगा मात्र प्रकृतीने नाजूक समजला जाई, त्यामुळे नांगराच्या कामापेक्षा पुस्तकांकडे त्याला अधिक मोकळीक मिळाली. जनावरांची माहिती घरातच होती. एडिंबरोला जाऊन त्यांनी पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी ते पदवी घेऊन बाहेर पडले.

काही वर्षं एडिंबरोत काम केल्यावर १८६७ मध्ये ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक या गावात भावाबरोबर जनावरांचा दवाखाना काढला आणि पुढे बेलफास्ट शहरात बस्तान बसवलं. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी लग्न झालं. एक मुलगी आणि एक मुलगा असा संसार.

त्या काळच्या शहरात घोड्यांच्या डॉक्टरला काय मान होता, याची आज कल्पना येणार नाही. ट्राम घोडे ओढत, माल घोडे वाहत, डॉक्टर रोग्याकडे घोडागाडीतून जात. घोडा लंगडला की धंदा लंगडला. बेलफास्टमधला डनलॉप यांचा दवाखाना चांगला चालत होता आणि नाल ठोकणारी माणसं त्यांच्याकडे कामाला होती. दगडी फरसबंदीवर दिवसभर आपटणारे पाय हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. घोड्याच्या खुराच्या आत एक लवचीक गादी असते आणि ती प्रत्येक पावलाचा हादरा पिऊन घेते. अशा जनावरांवर इलाज करणाऱ्या माणसाला धक्का म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

रबराशीही त्यांचा परिचय होता. जनावरांच्या उपचारासाठी लागणाऱ्या काही वस्तू ते स्वतः रबरापासून करत. हातात कला, दवाखान्यामागे अंगण आणि डोक्यात चौकसपणा. वयाची पंचेचाळिशी उलटली तरी त्यांनी स्वतः कधी सायकल चालवली नव्हती, असं मात्र दिसतं.

अंगणातला प्रयोग

त्यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीन चाकी सायकल होती. धातूची चाकं आणि त्यांवर घट्ट, भरीव रबराच्या पट्ट्या. बेलफास्टचे रस्ते दगड बसवलेले, मध्येच ट्रामचे रूळ. त्या रस्त्यावर अशी सायकल चालवायची म्हणजे दातांवर दात आपटायचे. पोराची तक्रार होती की बसणं नको होतं आणि मित्रांच्या पुढे जाता येत नाही.

ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी अंगणात एक प्रयोग केला. लाकडाची एक चकती घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी केली, ती चकतीभोवती बसवली, वरून कापडाचं आवरण ठोकलं आणि फुटबॉलमध्ये हवा भरायच्या पंपाने ती नळी फुगवली. मग जॉनीच्या सायकलचं धातूचं चाक आणि हे हवेचं चाक अंगणातून घरंगळत सोडलं. धातूचं चाक थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक अंगण पार करून फाटकाच्या खांबावर आदळलं आणि उलट परत फिरलं.

या प्रयोगात एक बारीक गोष्ट आहे. डनलॉप हादरे कमी करायला निघाले होते. चाक अधिक दूर जाईल, म्हणजे त्याच ताकदीत सायकल अधिक पळेल, हा लाभ त्यातून आपोआप हाती लागला. मऊ वस्तू सावकाश चालते, अशी आपली सर्वसाधारण समजूत. गादीवरून चालताना पाय रुततात, तसंच हेही होईल असं कुणालाही वाटलं असतं. चाकाच्या बाबतीत मात्र उलटं घडलं.

मग त्यांनी जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांवर अशी हवेची आवरणं चढवली. १८८८ च्या सुरुवातीला पोरगा ती सायकल घेऊन रस्त्यावर गेला आणि खूश होऊन आला. त्यानंतर मोठ्या माणसांच्या दुचाकीसाठी टायर तयार झाले आणि बेलफास्टच्या चेरीवेल मैदानावर त्यांची चाचणी झाली. ७ डिसेंबर १८८८ रोजी डनलॉप यांना या शोधाचं पेटंट मिळालं. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते.

लोकांना पटायला मात्र शर्यत लागली. विली ह्यूम हा बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कप्तान. हवेच्या टायरची सायकल विकत घेणारा तो पहिला गिऱ्हाईक. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो ही जाडजूड टायरची सायकल घेऊन उतरला, तेव्हा लोक हसले. त्या दिवशी सायकलच्या चारही शर्यती ह्यूमने जिंकल्या. पुढे इंग्लंडमध्ये लिव्हरपूललाही एक सोडून बाकी सगळ्या त्यानेच मारल्या. हसणारे गप्प झाले आणि हरलेल्यांनी टायरची चौकशी सुरू केली.

लहान चाकाला हवा का लागते

यामागचं विज्ञान सोपं आहे. रस्त्यावर दोन सेंटिमीटर उंचीचा खडा आहे असं समजा. चाक भरीव आणि कडक असेल, तर त्या खड्यावरून जाताना चाक, सायकल आणि वर बसलेला माणूस असं सगळं ओझं दोन सेंटिमीटर उचललं जातं आणि पलीकडे आपटतं. उचलायला लागलेली ताकद तुमच्या पायांची, आणि आपटल्याचा हादरा तुमच्या मनगटांना, कंबरेला आणि मणक्यांना. हवेच्या टायरमध्ये तो खडा टायरच्या आत दबतो. माणूस जवळपास आहे त्याच उंचीवर राहतो. दबलेली हवा लगेच पूर्ववत फुगते आणि गेलेल्या ताकदीचा बराचसा भाग परत देते. म्हणून अंगणातलं ते चाक दूर गेलं.

आता चाकाचा आकार पाहू. कडक चाकाला दोन सेंटिमीटरच्या खड्यावर चढवायला लागणारा जोर भूमितीने काढता येतो. साधारण २८ इंची, म्हणजे नेहमीच्या मोठ्या सायकलच्या चाकाला लागणारा जोर एक धरला, तर १६ इंची चाकाला तो जवळपास १.४ पट लागतो आणि ६ इंची चाकाला अडीच पटींहून जास्त. मोठ्या चाकाला जो खडा वाटतो, तो लहान चाकाला उंबरठा वाटतो. ट्रॉली बॅग खडबडीत फुटपाथवरून ओढली असेल, तर हे गणित तुमच्या हाताला ठाऊक आहे.

डनलॉप यांच्या आधीच्या सायकलींचं पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत उंच असे. एका फेरीत जास्त अंतर कापता यावं हे त्याचं मुख्य कारण, पण मोठ्या चाकाला खड्डे कमी जाणवतात हा फायदाही होताच. तोटा एवढाच, की वरून पडलं की डोक्यावर पडायचं. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर ही दोन सारख्या, बेताच्या चाकांची आणि साखळीची सायकल आणली. ती सुरक्षित होती, पण भरीव रबरावर हादरे फार बसत. तीनच वर्षांत डनलॉप यांचा टायर आला आणि ती अडचण दूर झाली. मोठं चाक मागे पडलं, लहान चाकाला रस्ता मिळाला. आपण आज जिला सायकल म्हणतो ती या दोन गोष्टींच्या जोडीतून बनली.

घडीची सायकल ही याच वाटेवरची पुढची पायरी. १९६२ मध्ये इंग्लंडमधले अभियंते ॲलेक्स मोल्टन यांनी १६ इंची चाकांची सायकल बाजारात आणली. लहान चाक म्हणजे संथ चाक हा समज त्यांनी मोडला, तो दोन गोष्टींच्या बळावर. एक, अरुंद टायरमध्ये भरपूर दाबाने भरलेली हवा आणि दुसरी, हादरे शोषून घेणारी रबराची रचना. मोल्टन यांच्या घराण्याचा व्यवसाय रबराचाच होता. पुढे १९७० च्या दशकात लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी ब्रॉम्प्टन नावाची सायकल तयार केली. तिचीही चाकं १६ इंची, मागे रबराचा एक ठोकळा, आणि घडी घातल्यावर लांबी-उंची दोन फुटांच्या आत व रुंदी फूटभराच्या आत. त्याहूनही छोटी सायकल २००६ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी आणली, ए-बाइक. तिची चाकं अवघी ६ इंची आणि वजन एका लहान बाळाएवढं. पाठीवरच्या पिशवीत मावणारी. पण वर सांगितलेलं अडीच पटींचं गणित आठवा. गुळगुळीत रस्त्यावर ती चालते, फुटलेल्या रस्त्यावर नाही. आकार जितका कमी, तितकं टायरमधल्या हवेवरचं काम जास्त.

नाव राहिलं, पैसा गेला

शर्यतीत हरलेल्यांमध्ये हार्वे द्यू क्रो या डब्लिनच्या उद्योजकाची मुलं होती. द्यू क्रो आयर्लंडच्या सायकलस्वार संघटनेचे अध्यक्ष होते आणि धंद्याची नजर त्यांना होती. त्यांनी डनलॉप यांना गाठलं, कंपनी उभी राहिली आणि पेटंटचे हक्क कंपनीकडे गेले.

सगळं सुरळीत चाललं असताना १८९० मध्ये धक्का बसला. पेटंट अवैध असल्याचं डनलॉप यांना कळवण्यात आलं. कारण हवेच्या चाकाची कल्पना त्यांच्याही आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने नोंदवलेली होती. थॉमसन तेव्हा विशीतले होते. त्यांनी घोडागाडीला चामड्याच्या आवरणाची हवेची चाकं लावून लंडनच्या रिजंट्स पार्कमध्ये चालवूनही दाखवली होती. पण रबर महाग होतं आणि सायकल अजून जन्माला यायची होती. गरजच नव्हती म्हणून शोध विसरला गेला. डनलॉप यांना त्याची गंधवार्ता नव्हती. दोघांनीही प्रामाणिकपणे तीच वाट शोधली होती, एकाने चाळीस वर्षं आधी, एकाने योग्य वेळी.

वैद्यकातही असं पुष्कळदा झालेलं आहे. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनी हात धुवावेत हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नात दाखवून दिलं, पण ते पटायला जंतूंचं ज्ञान यावं लागलं. शोध खरा असून चालत नाही, तो झेलायला जमीनही तयार असावी लागते.

पेटंट गेल्यावरही कंपनी टिकली. टायर रिमवर नीट पकडून ठेवणाऱ्या, पंक्चर काढायला सोप्या करणाऱ्या इतरांच्या शोधांचे हक्क तिने विकत घेतले. सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत, पंक्चर काढणं म्हणजे मोठा उद्योग असे. त्या सुधारणांमुळेच हा टायर सामान्य माणसाच्या कामाचा झाला.

डनलॉप यांचं मन मात्र या कारभारात रमलं नाही. दवाखाना त्यांनी सोडला होता आणि बेलफास्टही. १८९० च्या दशकात ते डब्लिनला राहायला गेले. कंपनीतल्या माणसांशी पटेना, तेव्हा १८९५ मध्ये ते बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, द्यू क्रो यांनी हा सगळा धंदा टेरा हूली या सावकाराला ३० लाख पौंडांना विकला आणि हूलीने तो लगोलग लोकांना ५० लाख पौंडांना विकला. सायकलींचं वेड तेव्हा टिपेला होतं. ज्यांच्या नावाने हे लाखो पौंड फिरत होते, ते डनलॉप एक वर्ष आधीच बाजूला झाले होते. कंपनीने पुढे डनलॉप हेच नाव घेतलं, त्यांच्या दाढीवाल्या चेहऱ्याची मुद्रा जाहिरातींवर छापली, पण त्या श्रीमंतीत त्यांचा वाटा नव्हता. डब्लिनमधल्या कापडाच्या एका दुकानाच्या कारभारात त्यांनी लक्ष घातलं आणि शांतपणे दिवस काढले.

उतारवयात त्यांना एक वेगळीच गोष्ट लागली. कंपनीच्या जाहिरातींत त्यांचा चेहरा एका छानछोकी, नटव्या माणसाच्या धडावर बसवलेला दिसू लागला. उंच टोपी, हातात छडी, डौलदार कपडे. साधेपणाने राहणाऱ्या, गंभीर स्वभावाच्या त्या वृद्ध डॉक्टरला हा अपमान वाटला. आपल्याच नावाच्या कंपनीविरुद्ध त्यांनी कोर्टात धाव घेतली आणि कंपनीने घेतलेल्या हरकतींवरून हे प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. पैशांवरून त्यांनी कधी एवढा आग्रह धरलेला दिसत नाही. स्वतःच्या चेहऱ्यासाठी मात्र ते ऐंशीव्या वर्षी उभे राहिले.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता, तो मागाहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. उत्तर आयर्लंडमधल्या एका बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं.

या गोष्टीची एक काळी बाजूही सांगायला हवी. टायरमुळे जगाला रबराची अपार भूक लागली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या ताब्यातल्या काँगोत त्यासाठी माणसांवर अमानुष जुलूम झाले. बेलफास्टच्या अंगणातल्या बापाचा त्यात हात नव्हता, पण आपल्या आरामाची किंमत कुणी मोजली हे ठाऊक असलेलं बरं.

त्यांच्या शोधाचा लाभ माणसांपुरता राहिला नाही. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर टायरगाड्या दिसतात. लाकडी चाकांच्या जागी रबरी टायर आले, आणि तोच भार ओढताना बैलांच्या मानेवरचा ताण हलका झाला. अर्थात त्यामुळे गाडीत ऊसही जास्त भरला जाऊ लागला, ही गोष्ट वेगळी. तरी जनावरांवर इलाज करण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या डनलॉप यांना ती गाडी पाहून बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

घडीची सायकल घ्यायची तर

आता आमच्या रुग्णाकडे येऊ. त्यांच्या तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटापाशी, अल्नर नावाची नस एका अरुंद बोगद्यातून जाते. हॅण्डलवर भार टाकून बसलं आणि वर रस्त्याचे हादरे बसत राहिले की ती दबते. लहान चाक, त्यात हवा कमी, म्हणून सायकल जड चालते. जड चालते म्हणून माणूस पुढे झुकून हॅण्डल आवळतो. सगळा भार त्या नसेवर. औषधाआधी पंप हवा होता. मी त्यांना टायरमध्ये योग्य हवा भरायला, हॅण्डल थोडं उंच करायला आणि गादीचे हातमोजे घालायला सांगितलं. काही आठवड्यांनी मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. मात्र बोटांची ताकद कमी होत असेल, वस्तू हातातून निसटत असेल किंवा बधिरपणा सायकल बंद केल्यावरही राहत असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

फोल्डिंग सायकल कामाची आहे का, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर अंतरावर आणि रस्त्यावर अवलंबून असतं. १६ ते २० इंची चाकांची सायकल बऱ्या रस्त्यावर तीन ते पाच किलोमीटरच्या पल्ल्याला छान चालते. ६ ते ८ इंची चाकांची, पिशवीत मावणारी सायकल फक्त गुळगुळीत रस्त्यावर आणि एक-दोन किलोमीटरसाठी घ्यावी. आपला रोजचा रस्ता आधी पायी चालून पाहावा. खड्डे, रूळ, ड्रेनेजची झाकणं मोजावीत. मग चाकाचा आकार ठरवावा.

टायरच्या कडेला हवेचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. लहान चाकात हवा थोडी मावते, त्यामुळे ती लवकर उतरते. आठवड्यातून एकदा तरी तपासावी. सायकलच्या दुकानात किती पौंड भरू, असं विचारतात, तेव्हा हा आकडा सांगता आला पाहिजे. वजनदार माणसाने वरच्या मर्यादेकडे, हलक्या माणसाने आणि खराब रस्त्यावर थोडं खाली राहावं. छापील मर्यादा मात्र ओलांडू नये आणि तिच्याखालीही जाऊ नये.

वजनाचाही विचार करावा. बहुतेक फोल्डिंग सायकली दहा ते चौदा किलोंच्या असतात. चालवताना हे वजन जाणवत नाही, स्टेशनच्या पुलावर जाणवतं. कंबरेचं किंवा मणक्याचं दुखणं असेल, तर ती उचलताना गुडघ्यांत वाकावं, सायकल अंगाजवळ धरावी आणि शक्य तिथे घडीची सायकल ढकलत न्यावी. रेल्वे, बस आणि मेट्रोचे सामानाचे नियम आधी विचारून घ्यावेत. गर्दीच्या गाडीत साखळीचं तेल शेजाऱ्याच्या कपड्यांना लागू नये म्हणून एक साधी खोळ शिवून घ्यावी.

राहिला लाभ. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी अशी दोन-दोन किलोमीटरची दोन टोकं, जाता-येता मिळून दिवसाला चार फेऱ्या. सावकाश चालवलं तरी एका फेरीला दहा मिनिटं. दिवसाला ४० मिनिटं, पाच दिवसांचे २०० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. जिमची फी न भरता, पहाटेचा गजर न लावता तो हिशेब इथेच पुरा होतो. मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेलं पोट घेऊन माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांना व्यायामाला वेळ नसतो. त्यांच्या वेळेतला हा तुकडा रिक्षाच्या रांगेत जातो. हृदयविकार, गुडघ्याचं दुखणं किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर सुरुवात करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी हेल्मेट घालून निघावं.

आणि निघण्याआधी वाकून टायरला अंगठा लावावा. सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका बापाने फुटबॉलचा पंप हातात घेतला, म्हणून आपल्याला ते छोटं चाक मिळालं. त्यात हवा भरून ठेवणं एवढंच काम आपल्याकडे उरलं आहे.